कलेतून स्वतःकडे: नगर जिल्ह्यातील चार साक्षी

मंडले रंगवायच्या वह्या, मन मोकळे करण्यासाठी लिहायच्या रोजनिश्या, शनिवार-रविवारची मातीकामाची शिबिरे, कार्यालयांतले चित्रकलेचे वर्ग यांनी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या शहरांत चांगलेच बस्तान बसवले आहे. या सगळ्यांमागचे आश्वासन एकच असते: काहीतरी घडवा, म्हणजे आपण कोण आहोत ते तुम्हाला कळेल. काहींना हे आश्वासन आपोआप खरे वाटते. कुंचला हाती घेतला की मन उघडलेच. काहींना ते सुखवस्तू लोकांचे खूळ वाटते. कलाकृती करताना स्वतःविषयीचे ज्ञान नेमके कुठून येते, हा प्रश्न मात्र दोघेही विचारत नाहीत. माझे म्हणणे असे की भावना नुसत्या बाहेर सांडल्याने हे ज्ञान येत नाही. ते माध्यमाशी झालेल्या झटापटीतून येते. शब्द, रंग, माती, ओवीचा छंद यांना आपापला स्वभाव असतो. तो सहजासहजी वाकत नाही, आणि तो वाकवण्याच्या खटपटीत आपल्या मनाचे खरे कल उघडे पडतात. हे तपासून पाहायला अहिल्यानगर, म्हणजे कालपर्यंतचा अहमदनगर जिल्हा फार उपयोगी पडतो. किल्ल्यातला एक राजबंदी, राहुरी-नगरला संसार केलेली एक बाई, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा एक मुलगा आणि अरणगावच्या टेकडीवर भिंती रंगवणारी एक परदेशी चित्रकर्ती, अशा चार जणांची साक्ष या जिल्ह्याच्या मातीशी बांधलेली आहे.

आधी अडचण समजून घेऊ. स्वतःविषयी जाणायचे तर स्वतःलाच विचारावे, हा मार्ग सरळ दिसतो. पण रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिले की माणसे आपल्या वागण्याची जी कारणे सांगतात ती पुष्कळदा मागाहून जुळवलेली असतात. विल्सन यांच्या १९९३ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायचे एक चित्र निवडायला सांगितले. त्यांतल्या काहींनी आधी आपल्या आवडीनिवडीची कारणे लिहून काढली, बाकीच्यांनी सरळ निवड केली. काही आठवड्यांनी विचारले तेव्हा कारणे लिहिणारेच आपल्या निवडीवर कमी समाधानी निघाले. जे शब्दांत मांडायला सोपे होते त्याला त्यांनी कारण मानले. जे खरोखर भावले होते ते शब्दांत सापडलेच नव्हते. म्हणजे थेट चौकशी केली की मन आपल्याला तयार उत्तरे देते. त्या तयार उत्तरांना बगल देण्याचा एक मार्ग ब्रिटिश मनोविश्लेषक मॅरियन मिल्नर यांनी चित्रांतून शोधला. त्यांचे १९५० सालचे पुस्तक चित्र काढता न येण्याविषयी आहे. डौलदार झाडे काढायला बसावे आणि कागदावर उजाड, वाऱ्याने झोडपलेले काहीतरी उमटावे, असे त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले. मनाशी धरलेले चित्र आणि हाताने काढलेले चित्र यांतले अंतर त्यांनी चूक म्हणून खोडून टाकले नाही, पुरावा म्हणून जपले. आपण स्वतःविषयी काय मानतो आणि आपण प्रत्यक्षात काय करतो, या दोहोंतले अंतर कलाकृती समोर ठेवते. ती उपयोगी पडते ती इथे.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य आणून ठेवले गेले. याच बंदिवासात जवाहरलाल नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. देशाचा इतिहास धुंडाळता धुंडाळता आपल्याकडे वारशाने काय आले आहे, हे ते त्यात विचारत राहिले. त्याहून जवळून पाहण्यासारखे उदाहरण मौलाना आझादांचे आहे. पहाटे, बाकीचे झोपेत असताना, स्वतः केलेला चहा समोर ठेवून ते आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजाराच्या बातम्या येत असताना सरकारकडे काही मागायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते आणि दिनक्रमही बदलला नव्हता. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की छातीत धडधडे, पण चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ते जागचे हलत नसत. पत्नीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या पत्रात हे सारे सांगताना ते एका कबुलीपाशी येतात: ही बाहेरची शांतता म्हणजे एक वठवलेली भूमिका होती, आणि ती वठवत होता आपल्याच मनाचा अभिमान. हे वाक्य बैठकीत किंवा भाषणात निघाले नसते. सहकाऱ्यांसमोर तर ती भूमिका चालूच होती. पत्राच्या घाटाने ती मोडली, कारण जिवलग मित्राला लिहायचे तर प्रसंग तपशिलाने सांगावा लागतो, आणि तपशील सांगितला की त्यातला देखावा लिहिणाऱ्यालाच दिसतो.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. जन्म १८६८ चा, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अक्षरओळख लग्नानंतरची. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. राहुरी आणि नगर इथे त्यांचा पुढचा संसार झाला. बालकवी ठोमरे याच घरात राहून गेले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. टिळकांच्या आठवणी नोंदवण्याच्या निमित्ताने हातात घेतलेली लेखणी एका बाईच्या स्वतःच्या शोधाकडे वळली, हे या पुस्तकाचे मोठे वैशिष्ट्य. पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीलाच त्यांचे वडील येतात, सोवळ्याने इतके पछाडलेले की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे. पुढे वाचक पोचतो तो राहुरीत, जिथे वेगळी चूल आणि वेगळे पाणी सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न उभा राहतो आणि त्या आपल्याच विचाराने त्यातून सुटतात. धर्मांतराच्या आधी त्यांच्या मनातून विटाळ गेला, हा क्रम महत्त्वाचा आहे. नवऱ्याने सांगितले म्हणून बाई बदलली, असा सोपा निष्कर्ष त्या काळच्या कोणीही काढला असता. एकामागून एक प्रसंग उभे करत गेल्यामुळे तो निष्कर्ष टिकत नाही. वडिलांचे सोवळे विनोदाने पण मायेने रंगवता आले, तेव्हाच त्या सोवळ्याचा आपल्यावरचा पगडा त्यांना पुरता दिसला असणार. त्या कुठेही स्वतःवर निवाडा लिहीत नाहीत. चित्र काढतात आणि पुढे जातात. आत्मज्ञानाची ही पद्धत भाष्याहून अधिक विश्वासाची आहे.

तिसरी साक्ष दया पवारांची. अकोले तालुक्यातले धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना या दोन ठिकाणांत वाटले गेलेले बालपण, संगमनेरचे शिक्षण, मग मुंबईतली नोकरी. १९७८ साली ग्रंथालीने काढलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी हे आयुष्य सांगितले आणि मराठीत दलित आत्मकथनांची वाट रुंद केली. पुस्तकाची सारी ताकद एका रचनेत आहे. लेखक दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार ही दोन माणसे म्हणून समोरासमोर येतात; एक ऐकतो, दुसरा बोलतो. नाव एकाच माणसाचे, पण शिकलेल्या, पांढरपेशा झालेल्या माणसाला आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्या पोराकडे थेट पाहणे जड जाते. लाज, राग आणि ओढ या तिन्ही भावना एकाच ‘मी’ने सांगितल्या असत्या तर एकमेकींना झाकून टाकल्या असत्या. दोघांत वाटून दिल्यावर त्या वेगळ्या दिसतात. ही युक्ती सापडेपर्यंत हे आयुष्य सांगता येण्यासारखे नव्हते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. इथेही कलेच्या घाटाने ज्ञान शक्य केले. आधी पूर्ण झालेले ज्ञान नंतर घाटात ओतले गेले नाही.

या तिघांत जे समान आहे त्याला संशोधनाचाही आधार मिळतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायचे. काहींनी आयुष्यातल्या एखाद्या आघाताविषयीच्या फक्त भावना लिहिल्या, काहींनी फक्त घटना, काहींनी दोन्ही एकत्र, तर काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले. घटना आणि भावना यांची सांगड घालणाऱ्यांना लिहिल्या-लिहिल्या उदास वाटले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नुसती भावना ओतणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. ‘मन मोकळे करा’ हा लोकप्रिय सल्ला इथेच अपुरा ठरतो. काय घडले आणि तेव्हा आपल्याला काय वाटले, यांना एका सूत्रात बांधण्याचे कष्ट कामी येतात. मराठी समीक्षेला हा विचार परका नाही. मर्ढेकरांनी लेखकाकडून आत्मनिष्ठेची मागणी केली, आणि त्याच मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयीच्या, म्हणजे रचनेच्या अंगाने केला. प्रामाणिकपणा आणि रचना यांची फारकत करून चालत नाही, हे त्यांच्या लेखनातून घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९३८ साली असेच मांडले होते की कलावंताला आपली भावना आधी कळलेली नसते; ती व्यक्त करता करता त्याला कळते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सारे लिहिणारे असामान्य होते. सामान्य माणसाला, त्यातही कष्ट करणाऱ्याला, ही चैन कुठून परवडणार? याचे उत्तर महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या देऊन ठेवले आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी गाणाऱ्या बाईला निवांत वेळ नव्हता. पहाटेचे दळण हीच तिची एकांताची वेळ होती. एका हाताने जात्यात घास घालायचा, दुसऱ्याने खुंटा ओढायचा आणि दगडाच्या गतीत बसेल एवढीच ओळ रचायची. सासरचे दुःख, भावाची वाट, आईची आठवण, पदरात पडलेल्या नशिबाचा जाब हे सगळे त्या आखूड साच्यात बसवावे लागे. म्हणून तिथे पाल्हाळ नाही, रडगाणेही क्वचित. नेमके बोलणे आहे. बहुतेक ओव्या कोणाला तरी उद्देशून असतात: भावाला, आईला, सखीला, कधी खुद्द जात्याला. आझादांचे न पाठवलेले पत्र आणि जात्यापुढची ओवी यांत शिक्षणाचे आणि दर्जाचे प्रचंड अंतर असले तरी दोन्हींची रीत एकच आहे: ठरलेला घाट आणि समोर कल्पिलेला ऐकणारा. आपल्याकडे कलेतून आत्मशोध पाश्चात्त्य शिबिरांबरोबर आला, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर त्यांच्या हातातले एक माध्यमही गेले, याची नोंद आपण घेतली नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. माणूस स्वतःविषयी कलाकृती करतो तेव्हा स्वतःला सजवतो; आत्मचरित्रांइतकी आत्मवंचना दुसरीकडे कुठे सापडेल? आक्षेप निम्मा खरा आहे. कलेत स्वतःला फसवता येते, आणि कौशल्य जितके जास्त तितकी फसवणूक देखणी. पण कलाकृतीचा एक गुण इथे उपयोगी पडतो: ती मागे उरते. मनातला विचार सोयीने विसरता येतो, लिहिलेले पान किंवा काढलेले चित्र दुसऱ्या दिवशीही तसेच समोर असते, आणि दुसऱ्यांनाही दिसते. ‘बलुतं’वर खुद्द दलित समाजातून टीका झाली, आपल्या वस्तीतली घाण चव्हाट्यावर आणली, असा आरोप झाला. ती टीका मान्य असो वा नसो, लेखकाला आपण काय दाखवले आणि का दाखवले याचा पुन्हा विचार करायला तिने भाग पाडले. आझादांनीही आपल्या अभिमानाचे वाक्य छापायला दिले. सजावटीवर इलाज म्हणून मौन बाळगले तर फसवणूक तशीच राहते, फक्त अदृश्य होते. कृती पुन्हा पाहणे, आणि विश्वासाच्या एखाद्या माणसाला ती दाखवणे, हाच त्यावरचा इलाज.

तिसरा आक्षेप वैद्यकाच्या बाजूने येतो: या सगळ्याला पुरावा किती? इथे उत्साही मंडळींनी जिभेला आवर घालायला हवा. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. नेहमीच्या उपचारांना आठवड्याच्या गट-कलोपचाराची जोड दिल्याने रुग्णांच्या एकंदर स्थितीत फरक पडला नाही, आणि बरेच रुग्ण वर्गाला फारसे आलेही नाहीत. भावनिक लेखनावरच्या १४६ अभ्यासांचा जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली एकत्रित हिशेब केला, त्यात लाभ दिसला, पण सरासरीने लहानसा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेऊन कलेची आरोग्याला मदत होते असे म्हटले, मात्र त्या अभ्यासांचा दर्जा एकसारखा नाही. यावरून मी काढतो तो निष्कर्ष असा: कला हे औषध नव्हे, आणि गंभीर मानसिक आजारात डॉक्टरांच्या उपचारांऐवजी रंगपेटी हातात देणे हा अपराध ठरेल. पण आजार बरा होणे आणि स्वतःला ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहून लगेच बरे वाटले नाही, उलट वाईट वाटले, हे पेनेबेकरांच्या प्रयोगातही दिसले. ‘बलुतं’ लिहून दया पवारांना शांत झोप लागली की नाही, यावरून त्या पुस्तकाने त्यांना काय दाखवले ते ठरत नाही.

चौथा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कला ही अर्पण करायची गोष्ट. तिच्यात ‘मी’ विरघळावा, ‘मी’चा शोध घेत बसणे हाच अहंकार. अरणगावजवळच्या मेहेराबादच्या टेकडीवर याचे उदाहरण आहे. हेलन डाम या स्विस चित्रकर्ती १९३८ साली, वयाच्या साठीत, मेहेरबाबांच्या आश्रमात राहायला आल्या. पुढे ज्या लहानशा वास्तूत १९६९ मध्ये बाबांचा देह ठेवला गेला, तिचा घुमट आणि भिंती त्यांनी आतून रंगवल्या. प्रकृतीने साथ दिली नाही, त्या मायदेशी परतल्या आणि उतारवयापर्यंत रंगवत राहिल्या. ते भित्तिचित्रण त्यांनी स्वतःला शोधण्यासाठी केले नव्हते. ते समर्पण होते. ते करताना त्यांना काय उमगले हे भिंत सांगत नाही, आणि आपणही अंदाजाने सांगू नये. ही चौथी साक्ष माझ्या मुद्द्याला मर्यादा घालते: आत्मज्ञान हा कलेचा एक उपयोग आहे, तिचे एकमेव प्रयोजन नाही. पण समर्पण आणि आत्मशोध यांत वैर आहे, हे मात्र याच जिल्ह्याचा इतिहास मान्य करू देत नाही. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. परंपरा सांगते की त्यानंतर निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना दुसऱ्या ग्रंथाचा आधार न घेता स्वतःच्या अनुभवाचे लिहायला सांगितले, आणि ‘अनुभवामृत’ झाले. ‘मी’ विरघळवू पाहणाऱ्या परंपरेनेही आधी स्वतःचा अनुभव शब्दांत आणायचा आग्रह धरला. जे पाहिलेच नाही ते अर्पण तरी कसे करणार?

हे सारे मान्य केले तर व्यवहारात काही गोष्टी बदलायला हव्यात. शासकीय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती रंग दिले, हे त्यांचे मोठे काम. पण स्मरणचित्राच्या पेपरला मुले बहुधा बाजार, बसथांबा, पाणवठा अशी घोटून घेतलेली दृश्ये काढतात, आणि दहावीच्या वाढीव गुणांमुळे तो घोटवण्याचा जोर वाढतो. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतर मोकळ्या वेळेत आपणहून कमी चित्रे काढू लागली. तेव्हा परीक्षा राहू द्यावी, पण कलाशिक्षकाने आठवड्यातला एक तास गुणांच्या कक्षेबाहेर ठेवावा: एकच आठवण घ्यावी, ती चार वेळा काढावी, आणि पहिल्या व चौथ्या चित्रात काय बदलले ते मुलाने स्वतः सांगावे. शिबिरे घेणाऱ्यांनी दोन तासांत आत्मशोधाचे आश्वासन देणे थांबवावे आणि एकाच माध्यमात काही महिने टिकून राहायला लोकांना मदत करावी. गावोगावच्या वाचनालयांनी आजीबाईंच्या ओव्या नुसत्या ध्वनिमुद्रित करून ठेवू नयेत, आजच्या मुली-बायकांना त्याच साच्यात स्वतःचे रचायला बसवावे. स्वतःची ओळख ही फुरसतीच्या, सुशिक्षित माणसाची मिरासदारी नव्हती आणि नसावी. तिला लागते एक अडून बसणारे माध्यम, त्यावर खर्चायला वेळ, आणि जे तयार झाले त्याकडे डोळे न चुकवता पाहण्याचे धैर्य. पहिल्या दोन गोष्टी समाजाला पुरवता येतात, आणि त्या पुरवणे हे शाळेचे आणि वाचनालयाचे काम आहे. तिसरी ज्याची त्याने आणायची असते.